कोल्ह्याबद्दल एक अक्षर नाही

पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकर्तीचं ‘रोझीज वॉक’ हे पुस्तक १९६८ साली निघालं. सबंध पुस्तकात शब्द मोजून ३२, तेही एकाच वाक्यातले. रोझी नावाची कोंबडी शेतघराच्या आवारात फेरफटका मारते आणि जेवणाच्या वेळेला घरी परतते, एवढंच त्या शब्दांचं म्हणणं. चित्रांत मात्र पहिल्यापासून तिच्या मागावर एक कोल्हा आहे. तो झेप घेतो आणि दाताळ्यावर पाय पडून त्याचा दांडा थोबाडावर खातो. पुन्हा झेप, की तळ्यात धपकन. पुढे गवताची गंजी, पिठाचं पोतं, मधमाश्यांच्या पेट्या, सगळं त्याच्या नशिबी येतं. कोंबडी आपली मान ताठ ठेवून चाललेली. आणि मजकुरात कोल्ह्याबद्दल एक अक्षर नाही.

हे पुस्तक मांडीवरच्या अडीच वर्षांच्या मुलाला वाचून दाखवावं आणि गंमत बघावी. वाचणारं मोठं माणूस कोंबडीचंच सांगत बसलंय, त्याला कोल्हा दिसतच नाहीये, हे मुलाच्या लक्षात आलं की त्याला गप्प बसवत नाही. ते बोट ठेवतं, ओरडतं, कोंबडीला हाका मारतं. गोष्ट सांगण्याचं काम त्याने आपल्या हातात घेतलेलं असतं. यात कारागिरीही आहे. प्रत्येक फजितीला दोन चित्रं दिली आहेत. पहिल्यात कोल्हा झेपावतो, पान उलटलं की एका शब्दाविना त्याची फजिती. दाताळं पहिल्या चित्रातच पडलेलं असतं, पण ते पहिल्या वाचनात सहसा दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी दिसतं आणि मग मूल पान उलटायच्या आधीच हसायला लागतं. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागणाऱ्या मुलावर वैतागण्यात म्हणूनच अर्थ नाही. दर खेपेला त्याचं पुस्तक थोडं निराळं असतं.

आता आपल्या घराघरांतलं पहिलं पुस्तक घ्या. अ अननसाचा, ए एडक्याचा, ऐ ऐरणीचा. एडका आणि ऐरण शहरातल्या मुलाने पाहिलेली नसते, ही तक्रार जुनीच आहे आणि मला ती फारशी पटत नाही. वाघ तरी कोणी पाहिलेला असतो? अडचण वेगळी आहे. ती ऐरण पांढऱ्याशुभ्र कागदावर नुसती ठेवलेली असते. तिच्यावर घण पडत नाही, शेजारी भाता नाही, ठिणगी उडत नाही. ती कोणाची, तिचं काय करतात, कोण तिच्याजवळ जायला घाबरतं, काही कळायला जागा नाही. चित्राने नाव सांगितलं आणि विषय संपला. तीच ऐरण लोहाराच्या पालात दाखवली, तिच्या आडोशाला एक मांजर झोपवलं आणि लोहाराचा हात वर उचललेला काढला, की दोन वर्षांच्या मुलाला पुढची काळजी पडलीच म्हणून समजा.

अर्थात नुसत्या नावांच्या पुस्तकांचंही एक वय असतं. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपलीकडचं धूसर दिसतं, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत काळ्या-पांढऱ्या ठसठशीत आकारांपुढे बाकी सगळं फुकट. नऊ महिन्यांचं मूल तर चित्रातली वस्तू उचलायलाच बघतं. ज्युडी डिलोश या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हे नीट तपासून मांडलं. खऱ्या वस्तूचं हुबेहूब छायाचित्र समोर ठेवलं की या वयाची मुलं कागद नखांनी खरवडतात, मुठीत धरायला जातात. दीड वर्षाच्या सुमारास खरवडणं थांबतं आणि बोट दाखवणं सुरू होतं. चित्र म्हणजे वस्तू नाही, वस्तूबद्दलचं काहीतरी आहे, हे तोवर उमगलेलं असतं. गोष्टीचं पुस्तक तिथून पुढे. त्याआधी पुस्तक ही मुख्यतः चावायची वस्तू.

त्यामुळे दुकानात पुस्तक आधी हातांनी तपासावं, चित्रं मागाहून. पानं जाड पुठ्ठ्याची आहेत का, कोपरे गोल कापलेत का, मधे तारेची पिन तर नाही ना? पिन असेल तर दीड वर्षांपर्यंत ते पुस्तक कपाटातच बरं. चिमुकल्या हातांना पंधरा सेंटिमीटरच्या आसपासचा चौरस पेलतो. पुठ्ठ्याला एकाच बाजूला चकचकीत पापुद्रा लावलेला असेल तर पावसाळ्यात पान हमखास वाकतं, कारण उघड्या बाजूने दमट हवा शिरते आणि तेवढीच बाजू फुगते. कोकणातल्या घरांना हे सांगायला नको. आणखी एक गोष्ट पाहावी, जी चित्रकारही विसरतात. समोरासमोरची दोन पानं मिळून एक चित्र असेल तर मधल्या घडीत काय सापडलंय? हत्तीचं पोट घडीत गेलं तर चालतं. डोळे गेले तर हत्ती गेला.

झडपा उघडायची, शेपट्या ओढायची पुस्तकं मुलांना फार आवडतात आणि आजी-आजोबांना घ्यायलाही. पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यात डिलोश बाईही होत्या, असं दिसलं की ओढाताणीची सोय असलेल्या पुस्तकांतून मुलं साध्या पुस्तकांपेक्षा कमी शिकली. हात कामात गुंतले की डोळे चित्रावर ठरत नाहीत. म्हणून झडप निवडताना एवढंच बघायचं की बाहेरून काही सुगावा लागतो का. दाराखालून शेपटीचं टोक दिसत असेल तर ती झडप कामाची. बंद पेटी, आत ससा आणि बाहेर काहीच खूण नाही, अशी झडप दुसऱ्या दिवशी फाटलेली असते आणि फाटली म्हणून काही बिघडतही नाही.

पुस्तक कितीही चांगलं असलं तरी त्याचा सत्यानाश करायला एक वाक्य पुरतं. ‘हे काय आहे, सांग बरं?’ मग हे काय, ते काय, काऊ दाखव, माऊ दाखव. पाहुण्यांसमोर तर हटकून. ही तोंडी परीक्षा झाली, आणि उत्तर आधीच ठरलेलं असल्यामुळे मुलाच्या वाट्याला काही उरत नाही. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली अमेरिकेत आईवडिलांना याच्या उलट वाचायला शिकवलं होतं. मोकळे प्रश्न विचारायचे, मूल बोललं की त्यात थोडी भर घालायची आणि हळूहळू सांगणं त्याच्याकडे सोपवायचं. महिन्याभरातच ती मुलं नेहमीच्या पद्धतीने ऐकणाऱ्या मुलांपेक्षा बोलण्यात पुढे गेलेली दिसली.

घरी करायला हे अवघड नाही. पहिल्या वेळी मजकूर वाचूच नये. नुसती पानं उलटावीत, तीही मुलाने. एकदम दोन पानं उलटली तर उलटू द्यावीत. ‘हा कुठे चाललाय?’, ‘हिला कोणी रागावलं का?’ असा एखादा प्रश्न टाकून मनात पाच आकडे मोजावेत. पाच आकडे फार लांब वाटतात आणि बहुतेक मोठी माणसं दोनवरच स्वतः उत्तर देऊन मोकळी होतात. मूल ‘भू भू’ म्हणालं तर ‘भू भू नाही, कुत्रा म्हण’ असं सुधारायचं नाही. ‘हो, भू भू. किती भिजलाय! छत्री कुठे गेली गं याची?’ असं एक पाऊल पुढे जायचं. चित्रात छत्री नसली तरी. किंबहुना नसली तर उत्तमच. पाच-सात मिनिटांत मूल उठून गेलं तर जाऊ द्यावं, गोष्ट पूर्ण करायला त्याला ओढून बसवू नये.

मराठीत वाचणाऱ्याच्या हाताशी एक घबाड आहे. धपाक, डुबुक, टुण्णकन, भुर्रकन, सुळकन, चुळुक. बेडकाने पाण्यात उडी मारली, हे वाक्य दीड वर्षांच्या मुलाला लांब पडतं. डुबुक म्हटलं की पाणी उडतं. तरीही भाषांतरित पुस्तकांमधले ससे ‘अत्यंत आनंदित’ होतात आणि अस्वलं ‘विचारात गढून’ जातात. अशी वाक्यं आपल्या घरच्या बोलीत बदलून वाचावीत, पुस्तकाचा काही अपमान होत नाही. परदेशातल्या नातवंडांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवणाऱ्या आजीने तर तेच पुस्तक दोन्ही घरी ठेवावं. कॅमेऱ्यासमोर धरलेलं पान हलतं, चकाकतं, आणि बोट ठेवायला मुलाच्या हातात काहीच नसतं.

मराठीत याकडे गंभीरपणे पाहणारं काम झालेलं आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेलं माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ नावाप्रमाणेच चित्रं वाचायला लावतं. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तकं मराठीत मिळतात, चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाचीही मिळतात. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरून मराठी चित्रपुस्तकं फुकट उतरवून घरी छापताही येतात. छापलीत तर जाड कागदावर छापा आणि पिनेऐवजी दोऱ्याने शिवा.

पानापानाला भोक असलेलं एक पुस्तक मात्र घरीच करावं असं आहे, कारण ते दुकानात महाग पडतं. पानांना भोक पाडणं हे छपाईतलं खर्चिक काम आहे. एरिक कार्ल या चित्रकाराचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ हे पानांना भोकं पाडत जाणाऱ्या खादाड सुरवंटाचं पुस्तक १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालं तेव्हा त्याची भोकं पाडून परवडेल असा छापखाना तिथे मिळेना आणि छपाई जपानमध्ये करावी लागली. आपल्याला ब्लेड पुरेल.

पंधरा सेंटिमीटर चौरसाचे सहा पुठ्ठे घ्यायचे. नव्या शर्टाच्या आत येतो तो पुठ्ठा एकटा लेचापेचा असतो, दोन एकमेकांना चिकटवले की चांगला टणक होतो. फेव्हिकॉल पातळ थर देऊन लावायचा आणि रात्रभर जड डब्याखाली दाबून ठेवायचं. भरपूर लावला तर ओलाव्याने पुठ्ठा वाकतो. गव्हाची खळ नको, झुरळं पुस्तक खाऊन टाकतात. सहातले दोन पुठ्ठे म्हणजे मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ. पुढच्याच्या आतली बाजू पूर्ण निळी, मागच्याच्या आतली पूर्ण लाल. उरलेल्या चार पुठ्ठ्यांना बरोबर मध्यावर तीन सेंटिमीटर व्यासाचं गोल भोक. मध्य काढायला कोपऱ्यांतून दोन तिरप्या रेघा मारल्या की झालं. भोक याहून लहान करू नये. मूल त्यात बोट घालणार हे नक्की, ते अडकता कामा नये. कडा बारीक पॉलिशपेपरने घासून घ्याव्यात.

डाव्या कडेपासून एक सेंटिमीटर आत दोन छिद्रं पाडून त्यांतून नाडीची दोन कडी बांधायची. सगळ्यांची चूक इथे होते. नाडी आवळून बांधली की पुस्तक उघडतच नाही, कारण पुठ्ठा कागदासारखा वळत नाही. प्रत्येक कड्यात दोन बोटं सहज जातील इतकं सैल ठेवावं आणि उरलेली टोकं कापून टाकावीत, लोंबती नाडी लहान मुलाजवळ नको.

आता पुस्तक उघडा. उजवीकडच्या पानाच्या भोकातून मागचा लाल रंग दिसतो. पान उलटलं की तेच भोक डावीकडे येतं आणि त्यातून निळा दिसतो. चार पानांवर चार लाल गोष्टी, पाठीमागे चार निळ्या. आजीच्या कपाळावरचं कुंकू, मांजराच्या पंजातला चेंडू, एसटीचा मागचा दिवा. उलट बाजूला वरून पाहिलेली विहीर, बादलीतलं पाणी, मोराच्या पिसातला डोळा. चित्र चांगलं यायची गरज नाही. मेणखडूने काढावं, स्केचपेनचा रंग लाळेने पसरतो. चकमक, टिकल्या, सुटे मणी काही चिकटवू नये, सगळं तोंडात जातं. वरून पारदर्शक चिकटपट्टीही नको, तिची कड नखाने सोलायला मुलांना दोन मिनिटं लागतात.

या आठांपैकी एक बाजू मात्र कोरी सोडायची, नुसतं भोक. आणि त्या पानावर आपण काही म्हणायचं नाही. मूल त्याला एक दिवस टोमॅटो म्हणेल, एक दिवस बाबा म्हणेल, एखाद दिवशी त्यातून तुमच्याकडे बघेल. बाबा का, असं विचारून उपयोग नाही. ‘बाबा आत काय करतायत?’ हे विचारावं.

रोज हाताळलं तर नाडीच आधी झिजते. नवी घालताना मधल्या पानांचा क्रम बदलला तर बदलू द्यावा, कोणाच्या लक्षात आलंच तर ते मुलाच्याच येईल. निळा पुढे आणि लाल मागे राहिला म्हणजे झालं.