पॅकेजं मोजायला बसलो आणि आकडेच जुळेनात: जुना लॅपटॉप, नोंद दुसरी

शनिवार, रात्र

रूट पार्टिशन (डिस्कचा तो भाग, जिथे सिस्टिम आणि प्रोग्राम राहतात) ४० जीबीचं, त्यातले जेमतेम ३ जीबी शिल्लक. बाबांचं म्हणणं, "जेल रोडवर जा आणि मोठी एसएसडी घेऊन ये." मी म्हटलं, आधी आत काय भरलंय ते तर बघू. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) बसवून दीड वर्ष झालं, आणि रामबागेतल्या आमच्या घरात ज्याला जे सुचेल ते या लॅपटॉपवर येऊन पडतं.

डेबियनमध्ये प्रोग्राम आणि त्यांचे सुटे भाग 'पॅकेजं' म्हणून बसतात, आणि त्यांची यादी दोन साधनं देतात: डीपीकेजी आणि एपीटी. 'डीपीकेजी -एल' चालवून ओळी मोजल्या: २१४७. मग 'एपीटी लिस्ट --इन्स्टॉल्ड'च्या मोजल्या: २१०५. एकच मशीन, एकच मिनिट, आणि ४२चा फरक. झोप उडाली.

उलगडा साधा निघाला. डीपीकेजी वरती ५ ओळींचं मथळ्याचं जंजाळ छापतं, तेही मोजलं गेलं होतं. एपीटी 'लिस्टिंग...' अशी एकच ओळ घालतं. म्हणजे २१४२ आणि २१०४. राहिले ३८.

हे ३८ पहिल्या दोन अक्षरांत लपले होते. डीपीकेजीच्या यादीत पहिलं अक्षर म्हणजे आपल्या मनात काय आहे, दुसरं म्हणजे प्रत्यक्षात काय आहे. 'आयआय' असेल तर दोन्ही जुळतं. 'आरसी' असेल तर पॅकेज काढून टाकलंय, पण त्याच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फायली मागे आहेत. भाडेकरू गेला, पाटी तशीच. मी कायम 'रिमूव्ह' करत आलो, 'पर्ज' (कॉन्फिगसकट काढणं) कधीच नाही, त्याची ही फळं.

काही पॅकेजं पर्ज करताना स्वतःचा डेटाही पुसतात, म्हणून ३८ नावं एकेक करून वाचली, मगच उडवली. घरच्या फोल्डरमधल्या टिंबाने सुरू होणाऱ्या फायलींना पर्जही हात लावत नाही, हे लक्षात असू द्या. जागा किती सुटली? जवळजवळ शून्य. कॉन्फिग फायली असतात केवढ्याशा! पण हिशेब जुळला, आणि तो जुळेपर्यंत मला चैन पडत नाही.

रविवार, सकाळ

पोह्यांवर जिरावण भुरभुरून पुन्हा बसलो. आता मोजायचं आकारमान. 'डीपीकेजी-क्वेरी'ला मोठ्या डब्ल्यूचा पर्याय आणि 'इन्स्टॉल्ड-साइझ' हे रकान्याचं नाव दिलं, पुढे लहानाकडून मोठ्याकडे क्रम लावणारं 'सॉर्ट -एन' जोडलं. आकडे किबीबाइटमध्ये (१०२४ बाइटांचा एक) येतात, तेव्हा एमबी काढायला १०२४ने भागायला विसरू नका. मी विसरलो आणि क्षणभर घाबरलो.

सगळ्यात तळाशी, म्हणजे सगळ्यात जाडजूड, टेक्सलाइव्हचं (मजकूर सुबक मांडणाऱ्या लेटेकचा संच) जादा फॉन्टांचं पॅकेज. एकटंच १ जीबीहून मोठं! मग आठवलं: गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका लेटेकमध्ये करायची हुक्की आली होती, तेव्हा 'टेक्सलाइव्ह-फुल' बसवलं होतं. अख्खी पत्रिका दोन पानांची.

'टेक्सलाइव्ह-फुल' स्वतः रिकामं असतं. ते फक्त बाकीच्यांना ओढून आणतं, त्यामुळे ते काढल्यावर खरी सफाई 'ऑटोरिमूव्ह' (आता कुणालाच न लागणारी पॅकेजं काढणारी एपीटीची आज्ञा) करतं. एंटर मारण्याआधी '-एस' लावून नुसती तालीम करून बघितली ते बरं झालं. यादीत टेक्सलाइव्हमधलं झीटेकही होतं, आणि देवनागरीसाठी मी तेच वापरतो. 'एपीटी-मार्क मॅन्युअल' करून, म्हणजे 'हे मीच मागितलंय' अशी खूण लावून त्याला वाचवलं, मग बाकीच्यांना निरोप दिला. २११ पॅकेजं गेली, मोकळी जागा ३वरून ८ जीबीवर आली.

'फॉन्ट्स-नकुल' आणि 'फॉन्ट्स-सहदेव' ही डेबियनमधल्या देवनागरी फॉन्टांच्या पॅकेजांची खरी नावं आहेत. त्यांना हात लावला नाही. जोडी फोडायची नाही.

रविवार, दुपार

बडोद्याच्या दादाचा फोन. तो फेडोरावाला (दुसरं एक लिनक्स, तिथे डीपीकेजीच्या जागी आरपीएम). "आरपीएम -क्यूए --लास्ट मार, कुठलं पॅकेज कधी बसलं ते तारखेसकट दिसतं," असं ऐकवून घेतलं त्याने. खरंच हेवा वाटतो. आमच्याकडे डीपीकेजीच्या नोंदीत बसवल्याची तारीखच नाही. व्हार-लॉगमधली 'डीपीकेजी.लॉग' चाळावी लागते, आणि ती दर महिन्याला नव्याने सुरू होते, मागच्या १२ जुन्या प्रती उरतात. त्याआधीचं सगळं गुलदस्त्यात. टेक्सलाइव्हची तारीख मला गणपतीवरून लावावी लागली.

दादाला उत्तर म्हणून 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' (हाताने बसवलेल्या पॅकेजांची यादी) दाखवायला गेलो, तर तिथे २१४ नावं. एवढी मी हाताने कधी बसवली? बसवलीच नव्हती. पहिल्या दिवशी इन्स्टॉलरने ठेवलेल्यांपैकीही बरीच यात धरली जातात. माझी खरी निवड त्यातली साठेक असेल. फ्लॅटपॅकमधून (ॲप्स बसवायची वेगळी वाट) आलेली तीन ॲप्स तर यातल्या कुठल्याच यादीत नाहीत, त्यांना 'फ्लॅटपॅक लिस्ट' वेगळं विचारावं लागतं. पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपचंही तेच.

सध्याची स्थिती: १८९३ पॅकेजं, 'आरसी' शून्य. शोमॅन्युअलची यादी पेन ड्राइव्हवर घेतली आहे. आता त्या २१४ नावांसमोर पेन्सिलीने खुणा करतोय, कुठलं कुणी मागितलं होतं ते. 'जीकॉम्प्री' (मुलांचे शैक्षणिक खेळ) भाच्याचं. 'ऑडॅसिटी' (ध्वनिमुद्रणाचं) आईचं, भजनी मंडळासाठी. 'काउसे' (अक्षरांनी काढलेल्या गायीच्या तोंडी वाक्य घालणारा गमतीचा प्रोग्राम) मात्र कुणीच आपलं म्हणायला तयार नाही.