कार्डावरची बारीक अक्षरं

“तुम्ही स्कोअर लिहिता की पत्र?”

मागच्या रविवारी काणकोणला गोल्फचा नववा होल संपवून सावलीत पाणी पीत बसलो होतो, तेव्हा बरोबरच्या एका गृहस्थांनी माझ्या कार्डाकडे बोट दाखवून विचारलं. हा प्रश्न मला वरचेवर येतो. भाचा विचारतो, नवा कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा, विचारतो, आणि बायको न विचारता नुसती बघते. तेव्हा एकदा सविस्तर सांगून टाकतो.

खोड जुनी आहे. मी खाणीवर सर्व्हेयर होतो. डिचोली-साखळी पट्ट्यात लोहखनिजाच्या खाणींवर लेव्हल आणि थिओडोलाइट ही मोजणीची यंत्रं घेऊन उन्हातान्हात हिंडण्यात उमेदीची वर्षं गेली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्यंतरी थोड्या हलल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. दुसऱ्या खेपेला मी घरी बसलो तो बसलोच. मडगावला बिऱ्हाड हलवलं, आणि एका जुन्या साहेबांनी अडगळीतून काढून दिलेल्या काठ्यांच्या अर्ध्या सेटवर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी गोल्फ खेळायला लागलो. गोव्यात हे सांगताना जरा ओशाळायला होतं. इथे गोल्फ म्हटलं की लोकांना तेरेखोलच्या गोल्फ कोर्सचा वाद आठवतो, गावची जमीन आठवते, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. खेळायच्या जागाही हॉटेलांच्याच: काणकोणला राजबागच्या किनाऱ्यालगत नऊ होलचा कोर्स, मोबोरला बारा होलचा छोटा. महिन्यातून दोनदा पहाटे करमल घाट उतरून जाणं खिशाला आणि गुडघ्यांना परवडतं, त्याहून जास्त नाही. म्हणूनच दोन फेऱ्यांच्या मधल्या पंधरा दिवसांत घरी काय सराव करायचा, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता. मनाला वाटेल तो सराव करायला माझ्याकडे वर्षं उरलेली नाहीत.

सुरुवातीला मी सगळे लिहितात तेच लिहायचो. स्कोअर, म्हणजे एकूण फटके; पट, म्हणजे ग्रीनवर खड्ड्याकडे ढकललेले फटके, किती; फेअरवे, म्हणजे मधली कापलेल्या गवताची पट्टी, मिळाला का; ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीचं बारीक गवत, ठरल्या फटक्यांत मिळालं का. चार-पाच फेऱ्यांची कार्डं जमली तेव्हा एक आकडा डोळ्यांत खुपायला लागला. अठरा होलांना पट ३८. टीव्हीवरची मंडळी तिशीच्या आत-बाहेर असतात हे ऐकून होतो. झालं, रोगनिदान झालं! पटिंग वाईट. मग तीन महिने व्हरांड्यात सतरंजी अंथरून, पाण्याचा ग्लास आडवा ठेवून, सकाळ-संध्याकाळ पटिंग. ग्लासाचा आवाज ऐकून शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायचं थांबलं, इतका सराव झाला. स्कोअर ९८ चा ९८.

तेव्हा मला माझ्याच धंद्यातली गोष्ट आठवायला हवी होती. नुसत्या उंचीला अर्थ नसतो, ती कुठून मोजली याला असतो. खाणीत कुणी येऊन “इथे लेव्हल बारा मीटर” म्हणाला तर आम्ही आधी विचारायचो, कुठल्या बेंचमार्कवरून? ३८ पट, पण किती अंतरावरून? ते मी लिहीतच नव्हतो.

म्हणून एक रांग वाढवली. ग्रीनवर पोचलो की पहिल्या पटचं अंतर पावलांनी मोजायचं. पावलं मोजणं मला शिकवावं लागत नाही. माझं पाऊल पाऊण मीटरचं आहे, आणि वीस पावलांत फार तर हातभराचा फरक पडेल. पाच फेऱ्यांनंतर सरासरी काढली तर बारा पावलं आली. म्हणजे नऊ मीटर, साधारण तीस फूट. आता हे ऐका. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिकांच्या ढीगभर फटक्यांच्या मोजमापावरून कुठल्या अंतरावरून सरासरी किती फटके लागतात याची कोष्टकं तयार केली, आणि अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेने २०११ पासून पटिंगचा हिशेब त्या पद्धतीने द्यायला सुरुवात केली. त्या कोष्टकाप्रमाणे जगातले सर्वोत्तम खेळाडूही आठ फुटांवरून निम्मेच पट आत घालतात, आणि तेहतीस फुटांवरून त्यांनाही सरासरी दोन पट लागतात. आमच्या क्लबातला प्रत्येक माणूस आठ फुटांचा पट हुकला की आकाशाकडे बघतो, तेव्हा मला हे मोठ्याने सांगावंसं वाटतं. सांगत नाही.

तर तीस फुटांवरून अठरा होल खेळायला त्या लोकांना पस्तिसेक पट लागले असते. मला ३८ लागत होते. म्हणजे पटिंगमध्ये त्यांच्यात आणि माझ्यात तिनाचं अंतर, आणि अख्ख्या स्कोअरमध्ये सत्तावीस-अठ्ठावीसचं! तीन महिने मी त्या तिनासाठी सतरंजी झिजवली होती.

उलट उदाहरणही आमच्यातच आहे. एक स्नेही कायम एकोणतीस-तीस पटांत खेळतात आणि स्वतःला पटिंगचे उस्ताद समजतात. ते ग्रीनवर ठरल्या फटक्यांत कधी पोचतच नाहीत. बाहेरून चिप करून, म्हणजे छोटा उचललेला फटका मारून, बॉल झेंड्याजवळ आणतात आणि दीड पावलावरून ढकलतात. त्यांचा पट कमी लागण्याचं कारण त्यांचं अ‍ॅप्रोच, म्हणजे ग्रीनकडे मारायचा फटका, हुकणं आहे. शिवाय ग्रीनच्या कडेच्या गवतातून पटर वापरला तर तो पटांत धरत नाहीत, ही सवलत ते मनसोक्त घेतात.

पटांचा नुसता आकडा मी आता लिहितच नाही. फेअरवेचा टिकमार्कही सोडला. चार हात बाहेर आखूड गवतात पडलेला बॉल आणि झुडपांत हरवलेला बॉल, दोन्हींना कार्डावर तेच रिकामं घर. ते काय शिकवणार? त्याऐवजी एकच विचारतो. टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, मारल्यावर दुसरा फटका ग्रीनच्या दिशेने मोकळा मारता आला का? आला तर काही लिहायचं नाही. नाही आला तर फुली. दंडाचा फटका लागला तर फुलीभोवती गोल. बॉल हद्दीबाहेर गेला की एक दंड आणि पुन्हा तिथूनच मारणं, म्हणजे दोन फटके पाण्यात. असे दोन गोल दिसले की त्या दिवशी बाकी रांगांकडे बघायचीही गरज नसते.

“ग्रीन ठरल्या फटक्यांत”, म्हणजे पारपेक्षा (होलला नेमून दिलेल्या फटक्यांपेक्षा) दोन कमी फटक्यांत ग्रीनवर असणं, ही नोंद चांगल्या खेळाडूसाठी सोन्यासारखी आहे. माझ्यासारख्याच्या कार्डावर ते घर अठरापैकी सोळा वेळा रिकामं राहतं. सदान्‌कदा शून्य दाखवणारा काटा तपासून काय करणार? मी एक फटका वाढवून घेतला. पार चारच्या होलवर तिसऱ्या फटक्यात ग्रीनवर असलो तरी माझं घर भरलं. ते अठरापैकी कधी सहा, कधी अकरा वेळा भरतं, म्हणजे हलतं, म्हणजे त्यातून काही कळतं.

आणि आता ती अक्षरं. कार्डावर सगळ्यात जास्त दिसतं ते ‘पा’.

त्याचं श्रेय एका कॅडीला आहे. पोरगा गावडोंगरीकडचा, बोलायला कमी. मी ग्रीनकडे मारला आणि तोंडाकडे आशेने पाहिलं की तो एवढंच म्हणायचा, “पावूंक ना, सायबा.” पोचला नाही. एका सकाळी त्याने हे इतक्या वेळा म्हटलं की मी चिडून मोजायला लागलो. दर वेळी बॉल ग्रीनच्या अलीकडे पडला की ‘पा’. डावीकडे गेला तर ‘डा’, उजवीकडे ‘उ’, पलीकडे गेला तर… त्यासाठी अक्षर ठरवायची वेळच आली नाही. सहा फेऱ्यांत ग्रीन हुकलेले फटके एकसष्ट, त्यांतले ‘पा’ चव्वेचाळीस.

आधी वाटलं, ताकद कमी पडते, वय झालं. पण अंतरं पावलांनी मोजून पाहिल्यावर कारण लाजिरवाणं निघालं. माझ्या डोक्यात सेव्हन आयर्नचं (मधल्या पल्ल्याच्या काठीचं) अंतर एकशेचाळीस यार्ड होतं. का, तर एकदा गेला होता. पाठीवर वारा, खाली सुकलेलं कडक मैदान, मे महिना. खरं नेहमीचं अंतर एकशेवीसच्या आसपास. म्हणजे एका फटक्याची आठवण धरून मी दोन वर्षं चुकीची काठी मागत होतो.

दुसरं कारण तर आपल्या गोव्याचंच. नऊ होलचा कोर्स, तो दोनदा खेळून अठरा होतात. पहिल्या चकरेपेक्षा दुसऱ्या चकरेत ‘पा’ जवळजवळ दुप्पट. मी म्हटलं, दमतो. डॉक्टर मित्रही तेच म्हणाला. पण कार्ड नीट पाहिलं तर वाढलेले ‘पा’ सगळीकडे सारखे नव्हते, समुद्राकडे तोंड असलेल्या होलांवर गोळा झाले होते. थकवा काही दिशा बघून येत नाही. हिवाळ्यात-उन्हाळ्यात इथे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि ऊन तापलं की पलटून समुद्रावरून आत येतो. हे किनाऱ्यावरच्या रापणकाराच्या पोरालाही ठाऊक असतं. जो होल सात वाजता वाऱ्याबरोबर खेळला, तोच साडेनऊला वाऱ्यासमोर. आणि मी दोन्ही वेळा तीच काठी घेऊन उभा. मग दुसऱ्या चकरेत त्या होलांवर डोळे मिटून एक क्लब, म्हणजे काठी, मोठा घ्यायला लागलो. एका तासाचाही सराव न करता दोन फटके वाचले.

उरलेली एक खूण ‘दु’, म्हणजे दुबार. ग्रीनपासून चाळीस पावलांच्या आत असताना बॉल एका फटक्यात ग्रीनवर आला नाही तर ‘दु’. फेरीला पाच-पाच ‘दु’ असायचे. हाच माझा खरा रोग होता, आणि ह्याला औषध घरी होतं. सासुरवाडीच्या भाटात, माडांच्या ओळींत, मी पडलेली झावळ आडवी टाकतो. बॉल झावळीवरून जाऊन पलीकडच्या पाटीच्या दोन पावलांत थांबला पाहिजे. रोज तीस बॉल, त्यांतले किती थांबले ते वहीत. नारळ काढायला आलेला पाडेली वरून बघत होता, म्हणाला, “पैसे कितले मेळटात?” मी म्हटलं, मलाच भरावे लागतात. खाली येईपर्यंत तो हसत होता.

लिहायची रीत फील्डबुकाचीच. पेन्सिल, कारण इथल्या दमट हवेत आणि घामात शाई फुटते. खोडरबर नाही, चुकलं तर एक रेघ मारून वर लिहायचं. हा नियम मला कंपनीत पहिल्या आठवड्यात शिकवला होता, आणि गोल्फमध्ये त्याची किंमत जास्त कळली. दंडाचा गोल खोडावासा फार वाटतो. “चल, दिला” म्हणून मित्रांनी सोडलेला दोन फुटांचा पटही मी मोजतो. कार्डावर खेळाडूंसाठी चार रांगा असतात, त्यांतल्या रिकाम्या मी वापरतो. स्पर्धेत मात्र कार्ड मार्करकडे, म्हणजे आपला स्कोअर लिहिणाऱ्याकडे, असतं आणि त्यावर होलवार स्कोअरच हवा असतो, म्हणून तिथे खिशात दुसरं. आणि लिहायचं पुढच्या टीवर, ग्रीन मोकळं केल्यावर. झेंड्याशेजारी उभं राहून हिशेब करणाऱ्याला मागच्या चौघांच्या शिव्या बसतात, त्या मी खाल्ल्यात.

मोबाइलवरचं अ‍ॅप भाच्याने घालून दिलं होतं. प्रत्येक फटका टिपतं, आलेख काढतं. दोन फेऱ्यांत लक्षात आलं की मी बॉल कमी आणि पडदा जास्त बघतोय, तेही उन्हात न दिसणारा. तरुणांना जमत असेल. हँडिकॅपचं, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचं, म्हणाल तर २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सर्वोत्तम आठांवरून तो निघतो. तुम्ही किती पाण्यात आहात ते कळतं, पण होडी कुठे गळते ते नाही.

एका फेरीवरून मी काहीच ठरवत नाही. थिओडोलाइटचा कोन एकदा वाचून कुणी सही करत नाही. दुर्बीण उलटवून दुसऱ्या तोंडाने पुन्हा वाचतो आणि सरासरी घेतो. पाच कार्डं साठली की दुपारी जेवणानंतर टेबलावर पसरतो, आणि त्यातून पुढच्या दोन महिन्यांसाठी एकच गोष्ट उचलतो. दोन उचलल्या तर एकही होत नाही, हा अनुभव.

गेले आठ महिने ती गोष्ट ‘दु’ होती. फेरीला पाचावरून दोनावर आलेत, स्कोअर ९१-९२. पहिला पटही बारा पावलांवरून आठांवर आला, आणि गंमत म्हणजे सतरंजी न अंथरता पट ३४ झाले.

मागच्या रविवारी, त्या गृहस्थांनी प्रश्न विचारल्यावर, आम्ही दुसरी चकर सुरू केली. समुद्राकडच्या एका होलवर नेहमीप्रमाणे एक क्लब मोठा घेतला आणि मनासारखा बसला. वारा मात्र अजून पलटलाच नव्हता. बॉल ग्रीनवरून पलीकडे वाळूत. मी कॅडीकडे पाहिलं.

“आतां चड जालो, सायबा.” जास्त झाला.

पुढच्या टीवर पेन्सिल काढली आणि कार्डाच्या घरात पहिल्यांदाच ‘च’ लिहिला. वरच्या कोपऱ्यात वेळही लिहून ठेवली: नऊ वाजून दहा.