आजारच नाही तर औषध कशाला द्यायचं?

औषधांच्या काही टेस्ट निरोगी व्हॉलंटिअरवर, म्हणजे स्वतःहून पुढे आलेल्या माणसांवर करतात. परवा एका मैत्रिणीने विचारलं, धडधाकट माणसाला औषध देऊन काय कळणार, गुण येतो का ते तर दिसणारच नाही ना. खरंय, पण दोन औषधांचं एकमेकांशी कसं जमतं हे बघताना गुण बघायचाच नसतो, एकामुळे दुसऱ्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं की घटतं एवढंच मोजायचं असतं. त्यासाठी माणूस जितका बोअरिंग तितका बरा, लिव्हर-किडनी ठीक, दुसऱ्या गोळ्या नाहीत, सिगरेट नाही. पेशंट घेतला तर आकडा औषधाने हलला की आजाराने यावरच वाद सुरू.

यातलं माझं लाडकं पात्र म्हणजे मिडाझोलाम. तसं ते गुंगीचं औषध, पण इथे त्याला गुंगीसाठी कुणी बोलावलेलं नसतं (येते ती वेगळी). आतड्यात आणि लिव्हरमध्ये सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम असतं, कितीतरी औषधं मोडून त्यांचा निकाल तेच लावतं आणि मिडाझोलाम तर जवळजवळ पूर्ण त्याच्याच भरवशावर. म्हणून आधी नुसतं मिडाझोलाम द्यायचं, हातात सलाइनसारखी सुई ठेवून ठरल्या वेळी रक्त काढत बसायचं, मग नवीन औषध काही दिवस देऊन परत तेच सगळं. तुलना ज्याची त्याच्याशीच, त्यामुळे थोड्या माणसांत काम भागतं. वेळेनुसार रक्तातल्या प्रमाणाचा आलेख काढतात, त्याच्याखालचं क्षेत्रफळ (म्हणजे रक्तात एकूण किती औषध फिरलं त्याचं माप) ५ पट किंवा जास्त वाढलं तर नवीन औषध स्ट्राँग इन्हिबिटर, म्हणजे एन्झाइम जोरात अडवणारं. बुरशीवरच्या इट्राकोनाझोलने ते १० पटीच्या आसपास गेलेलं आहे, आणि टीबीच्या रिफाम्पिसिनने उलटं, एन्झाइम इतकं वाढतं की मिडाझोलामचा जेमतेम मागमूस उरतो.

अशा टेस्टमध्ये व्हॉलंटिअरला ग्रेपफ्रूट (पपनसाच्या जातीचं फळ) बंद का, ही गंमत तर ऐकाच. कॅनडात ब्लडप्रेशरचं फेलोडिपिन आणि दारू एकत्र दिली तर काय होतं ते बघत होते, दारूची चव कळू नये म्हणून ग्रेपफ्रूटचा ज्यूस घातला, आणि फेलोडिपिनचे आकडे भलतेच वर. दारूचा संबंध नव्हता, ज्यूसच आतड्यातलं एन्झाइम बंद पाडत होता. १९८९ला ते छापून आलं. चव लपवायला आणलेला ज्यूसच भाव खाऊन गेला!

हे सगळं हौसेचं नाही हां. ॲलर्जीचं टर्फेनाडिन एन्झाइम अडलं की रक्तात साचायचं आणि हृदयाचे ठोके बिघडायचे, माणसं दगावली, शेवटी ते बाजारातून गेलं.

एक गोष्ट मात्र मला आधी खटकायची, व्हॉलंटिअरला यातून औषधाचा फायदा शून्य, मग धोका तरी किती घ्यायला लावायचा? कधी उलटी टेस्ट असते, एन्झाइम मुद्दाम अडवून नवीन औषध रक्तात साचतं का ते बघायचं, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं बुरशीवरचंच केटोकोनाझोल वापरायचे, एकदम भरवशाचं, पण ते लिव्हरला त्रास देऊ शकतं म्हणून २०१३मध्ये अमेरिकेत औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने अशा टेस्टमध्ये ते वापरू नका असं सांगितलं. आता इट्राकोनाझोल नाहीतर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक. इट्राकोनाझोल शरीरात बरेच दिवस रेंगाळतं, वेळापत्रक बसवताना डोक्याला ताप होतो, पण तो ताप टेस्ट करणाऱ्यांच्या डोक्याला, व्हॉलंटिअरच्या लिव्हरला केटोकोनाझोलइतका नाही.