तुम्ही विचारलंत म्हणून: सौदीतून परत का आलो

लग्नात विचारतात, तेराव्याला विचारतात, जिनिंगच्या काट्यावर विचारतात. "परत काबर उना भो?" पहिली दोन वर्षं मी सांगायचो, माय आजारी होती. माय ठणठणीत होती, अजूनही आहे. मग सांगायला लागलो, करार संपला. तोही संपला नव्हता. आता एकदाच काय ते लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या पंगतीत वरण-बट्टी तरी सुखाने खाता येईल.

शिकलेली माणसं याला जोडून दुसरा प्रश्न विचारतात आणि तो जास्त झोंबतो. "तेल पडलं तर शेतकऱ्याचं भलंच की. डिझेल स्वस्त. मग तुम्ही बुडालात कसे?"

आधी डिझेलचंच घ्या. जून २०१४ मध्ये क्रूड म्हणजे कच्चं तेल पिंपामागे ११५ डॉलरला टेकलं होतं, जानेवारी २०१६ मध्ये ते २८च्या खाली आलं. म्हणजे चौथा हिस्सा. आमच्या पंपावर डिझेल चौथ्या हिश्श्याने मिळालं का? नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात डिझेलवरचं उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढलं, सगळं मिळून लिटरमागे १३ रुपये ४७ पैसे. स्वस्ताई वरच्या वरच जिरली. थोडी खाली झिरपली, नाही असं नाही, पण नांगरटीचा दर कोणी उतरवला नाही. ट्रॅक्टरवाला दर वाढवताना डिझेलकडे बोट दाखवतो, आणि उतरव म्हटलं की हप्त्याकडे. त्याचंही खोटं नाही म्हणा. त्याने ट्रॅक्टर तेजीतच घेतलेला.

तेजीत मीही घेतलं. आयटीआयचा वेल्डर, मुंबईत ट्रेड टेस्ट देऊन २०११ला दम्मामला गेलो. सिक्स-जी म्हणजे तिरक्या पाइपाचा जोड जमणाऱ्याला तेव्हा भाव होता. क्रूड शंभराच्या वर होतं, नवे प्रकल्प निघत होते, ओव्हरटाइम मागावा लागत नव्हता. ऑगस्ट २०१३मध्ये रुपया घसरून डॉलरला ६८ झाला तेव्हा रियालमागे अठरा रुपये घरी पोचत होते. गावाकडे लोक महागाईने कावले होते आणि आम्ही कॅम्पात बिर्याणी शिजवत होतो. हे सांगायला लाज वाटते, पण झालं ते असं.

त्याच साली शेजारची दोन एकर घेतली. निम्मे पैसे माझे, निम्मे पतपेढीचे. अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "एवढा भाव या बरडाला?" त्यांचं बरोबर होतं. पाडळसरेचं धरण वर्षानुवर्षं रखडलेलं, आमचं शिवार कोरडवाहूच. पण आसपासच्या गावांतून गेलेली आमच्यासारखी चार-पाच पोरं एकमेकांवर चढून बोली लावत होती. जमिनीत होतं तेच होतं, भाव आमच्या रियालने फुगला. आम्हीच फुगवला आणि आम्हीच त्यात घेतली.

तेव्हा मी सगळ्यांना ऐटीत सांगायचो, आमचं घर दोन विहिरींवर चालतं. एक अमळनेरला कापसाची, दुसरी दम्मामला तेलाची. एक आटली तर दुसरी आहे. (अमळनेरात तेल म्हटलं की लोकांना वेगळंच आठवतं. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याची पुढे विप्रो झाली, आणि ज्यांच्या आजोबांनी शेअर जपून ठेवले त्यांची नातवंडं आजही सुखात आहेत. आमच्या आजोबांनी शेअर नाही, बैल घेतले.)

आता ते वर्ष.

२०१५च्या दिवाळीपासून पगार लांबायला लागला. कंपनीचं नाव घेत नाही. ठेका सरकारी, तेल पडल्यावर बिलं वरून अडकली, आणि कंपनीने ती आमच्या पगारावर अडकवली. आधी ओव्हरटाइम गेला, मग पगार, मग इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नूतन करणं थांबलं. इकामा संपला की दवाखान्यात जाता येत नाही, नाक्यावर पोलिसाने हात दाखवला तर पाय लटपटतात, आणि मालकाने सही केल्याशिवाय तेव्हा देश सोडता येत नव्हता. काम नाही, पगार नाही, जायचीही सोय नाही.

खोलीत दोंडाईचाचे एक भाऊसाहेब होते. ते आधी सुरतेला यार्नच्या कारखान्यात होते. एका रात्री त्यांनी मला माझीच शेती समजावली. म्हणाले, पॉलिस्टर कशापासून होतं? क्रूडपासून. क्रूड पडलं की पॉलिस्टरचा धागा पडतो, मग गिरणीवाला मिक्सच्या सुतात कापूस कमी घालतो. वर चीनने स्वतःचे कापसाचे साठे भरणं आवरतं घेतलंय. "तुझा बाप तिकडे आणि तू इकडे, दोघं एकाच भावावर बसलाय रे."

मी रात्रभर जागा. दोन विहिरी समजून उपसत होतो आणि खाली झरा एकच.

इथेच चूक केली. झरा एकच म्हणजे आपल्याला तो कळतो, असं मला वाटलं. अप्पांचा इमोवर फोन आला. कापूस वेचून झाला होता, दुष्काळाचं वर्ष, उतारा कमी. हमीभाव क्विंटलला ४,१०० रुपये, व्यापारी दारात येऊन त्याच्याही खाली मागत होता. अप्पांनी विचारलं, "देऊ की ठेवू? तू तेलाच्या विहिरीवर बसलाय, तुला आधी कळत असेल." साठीतला माणूस, चाळीस वर्षं कापूस केलेला, आणि मला विचारतोय. मला फार बरं वाटलं. खिशात दोन महिने पगार नव्हता, पण बाप भाव विचारत होता. मी म्हणालो, ठेवा. तेल याच्याखाली जात नाही. ते वर आलं की कापूसही येईल.

तेल त्याच्याखाली गेलं.

कापूस पुढच्या खोलीत छतापर्यंत भरलेला. घरातली माणसं थंडीत ओट्यावर झोपली. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते हे खान्देशात कोणाला सांगायला नको. मायच्या हातांवर पुरळ उठलं होतं, ती फोनवर फक्त एवढंच म्हणायची, "भाव उना का रे?" पतपेढीचा माणूस येऊन बसायला लागला. फेब्रुवारीत अप्पांनी खेडा खरेदीवाल्याला माल दिला. वाळून वजन घटलेलं, पिवळट पडलेला म्हणून वर कटती. मला दोन दिवसांनी कळलं. मी विचारलं, थांबला का नाहीत? ते काहीच बोलले नाहीत.

उन्हाळा सरता सरता कापूस खरंच चढला, चांगला चढला. तोवर तो शेतकऱ्याच्या घरात नव्हता. म्हणजे माझा अंदाज एका अर्थाने बरोबर ठरला. हे वाक्य मी कधी अप्पांसमोर बोललो नाही.

तोवर आमची मेस बंद झाली होती. जुलैअखेर तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जाहीर केलं, की सौदीत दहा हजारांवर भारतीय कामगारांची उपासमार होतेय. गावात तेव्हा कळलं, मी ओव्हरटाइमवर का नव्हतो. सप्टेंबरमध्ये आलो. आठ महिन्यांचा पगार तिकडेच राहिला, अजूनही तिकडेच आहे. दोन एकर विकली. घेणारी फुगवणारी पोरं राहिली नव्हती. एका गुरुजींनी घेतली, दर महिन्याला पगार होणारे तेवढेच उरले होते.

तर तेलामुळे आलो का? दहा वर्षांपूर्वीचा मी ठामपणे हो म्हणाला असता. आज त्याच्याशी भांडावंसं वाटतं. दुष्काळ तेलाने पाडला नाही. चीनने साठे तेलापायी बदलले नाहीत. बरडाला बागायतीचा भाव मी दिला, आणि "ठेवा" मीच म्हणालो. पण मग तेल शंभरावर राहिलं असतं तर यातलं किती उघडं पडलं असतं? कदाचित काहीच नाही. मी आजही पंगतीत दोन विहिरींची गोष्ट सांगत असतो.

"मग २०२२ला का गेला नाहीस?" हेही विचारता. युक्रेनचं युद्ध लागलं, क्रूड पुन्हा शंभरावर, एजंटांचे फोन सुरू. त्या हंगामात कापूसही दहा हजारांच्या वर गेलेला. झरा एकच, बघा. तेव्हा मी रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान टाकलेलं, ट्रॉल्या करत होतो, आणि भावाच्या जोरावर लोक ट्रॉल्या सांगत होते. हे एक कारण. दुसरं म्हणजे भीती. पण पासपोर्ट मी २०१९ला नूतन करून घेतला, तेही सांगून टाकतो.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मोबाइलवर क्रूडचा भाव बघतो, सवय गेली नाही. मागच्या हंगामात अप्पा चहा प्यायला दुकानावर आले. पत्र्याच्या खुर्चीवर बसून म्हणाले, "देऊ की ठेवू?" मी तोंडावरची काच खाली ओढली, म्हणालो, मला नाही कळत, अप्पा.

"मग पाच वर्षं तिकडे काय शिकला?"

मी वेल्डिंग पेटवलं.