तर्क मोठा की डोळे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. शाळेत विज्ञान शिकवत होतो तेव्हा आणि आजही जळगाव-धुळ्याकडची मुलंही तुमचाच प्रश्न विचारतात, "सर, विज्ञानात मोठं काय? तर्क की निरीक्षण?" निकाल निरीक्षणच देतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बघायचं कुठे, हे त्याला तर्क सांगतो.

आपल्या कपाशीचंच घ्या. झाड हिरवंगार, कैऱ्या म्हणजे हिरवी बोंडं भरलेली. बांधावरून बघणारा म्हणेल, कीड नाही. गुलाबी बोंडअळी मात्र अंड्यातून निघाली की लवकरच बोंडात शिरते आणि तिचं भोक बुजून जातं. मग डोळ्यांनी करायचं काय? इथे तर्क कामी येतो. अळी आहे तर मादीने अंडी घातली असणार, म्हणजे नर पतंगही रात्री तिच्या गंधामागे फिरत असणार. तोच गंध टांगला तर ते यायला हवेत. कामगंध सापळा या तर्कावर उभा आहे. एका सापळ्यात रोज 8 पतंग, असं सलग 3 दिवस झालं की उपाय करायची वेळ आली असं धरतात. पण सापळा रिकामा म्हणजे कीड नाही, असं मात्र होत नाही. आतली गंधाची गोळीच जुनी झालेली असेल. म्हणून हिरवी बोंडं फोडूनही बघायची. सापळे टांगून पतंग कोणी मोजतच नाही, असं शेत दिसलं की मला फार वाईट वाटतं.

तर्क आणि निरीक्षणाची हीच जोडी जुन्या काळातही दिसते. चाळीसगावजवळ पाटणला 1207 सालचा शिलालेख आहे. बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची ती नोंद. जमीन सपाट दिसते या आक्षेपावर भास्कराचार्यांनी डोळ्यांना खोटं ठरवलं नाही. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसतो, पृथ्वी प्रचंड आणि माणूस लहान, म्हणून तसं दिसतं, असं ते सांगतात. पृथ्वीला कोणी धरलंय म्हणावं, तर त्याला कोणी धरलंय? कुठेतरी थांबावंच लागतं, मग पृथ्वीपाशीच का थांबू नये? हा निव्वळ तर्क, आणि बिनतोड. परिघासाठी मात्र त्यांनी मोजमापच मागितलं: उत्तर-दक्षिण रेषेवरच्या दोन गावांमधलं अंतर, त्यांच्या अक्षांशांतला फरक, आणि मग त्रैराशिक.

तरीही पृथ्वी स्थिर आहे असंच त्यांनी मानलं. ती सूर्याभोवती फिरते याचा थेट पुरावा 1728 मध्ये इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅडली याला मिळाला. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर वर्षभरात तारा किंचित सरकलेला दिसायला हवा, या तर्काने तो दुर्बिणीपाशी बसला होता. तारा सरकला, पण अपेक्षेप्रमाणे नाही, वेगळ्याच दिशेला. त्याने ते आकडे टाकून दिले नाहीत. प्रकाशाचा वेग आणि पृथ्वीचा वेग एकत्र धरल्यावर ते जुळले.