जिंतूरकडं कुठं?

भाची चित्रकलेच्या कॉलेजात आहे. दुपारी जेवून जरा आडवा झालो, तर तिनं मोबाइल डोळ्यांपुढं धरला. "मामा, यात काय दिसतं सांगा. लिहून न्यायचंय."

चित्र अमेरिकेतलं, एडवर्ड हॉपरचं 'नाइटहॉक्स'. रात्रीचं हॉटेल, मोठी काच, आत झगझगीत उजेड. एक जोडपं, एक पाठमोरा माणूस, आणि पांढऱ्या टोपीतला हॉटेलवाला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. लाल कपड्यातल्या बाईसाठी हॉपरची बायकोच बसली होती. मॉडेलचे पैसे वाचले! मी मात्र दार शोधत बसलो. रस्त्यावरून आत शिरायचं दारच त्यानं दाखवलेलं नाही.

"सगळे याला एकटेपणा म्हणतात," भाची म्हणाली. म्हणोत बापडे. मला तर ही शेवटची गाडी चुकलेली माणसं वाटली. फक्त त्यांच्यात आमचे आबा नव्हते.

परभणी जंक्शनवर परळीची पॅसेंजर हमखास लेट. बाकड्यावर शेजारी कुणी अनोळखी टेकला की आबांना दम निघायचा नाही.

"कोणतं गाव म्हणायचं?"

"जिंतूरकडचं."

"जिंतूरकडं कुठं?"

चहा येईस्तोवर त्या माणसाची जमीन, विहिरीचं पाणी, पोरीचं सासर सगळं बाहेर. तेवढ्यात लांबची का होईना, सोयरीक निघायचीच. गाठोड्यावर डोकं ठेवून मी अर्धवट झोपेत ऐकायचो. मग चहाच्या पैशांवरून झोंबाझोंबी. त्यात आबा कधी हरले नाहीत. सुट्टे पैसे आधीच मुठीत धरलेले असायचे. त्या चित्रात आबा असते तर पाठमोऱ्याला वळावंच लागलं असतं.

भाची पुढं वाचत होती. अमेरिकेच्या पर्ल हार्बर बंदरावर जपानचा हल्ला झाला डिसेंबर १९४१ मध्ये, आणि हे चित्र पुरं झालं पुढच्याच महिन्यात.

हे ऐकलं आणि १९९३ची दिवाळी आठवली. परळी स्टेशनवर शेजारी एक माणूस येऊन बसला, जवळ पिशवीसुद्धा नाही. आबांनी सवयीनं गाव विचारलं.

"किल्लारी."

'किल्लारीत कुठं' असं आबांनी विचारलं नाही. चहा आला. पैसे त्या माणसानं काढले, आणि आबांनी देऊ दिले.