ऐंशी एकर आणि सहा मुलं

पुण्यात रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या जमिनींचे टायटल सर्च करणं हे माझं काम. जमीन विकायची असो की तारण ठेवायची, तिच्यावर आजवर कुणाकुणाचा हक्क होता, काही बोजा राहिलाय का, हे आम्ही तिथल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नोंदींमधून शोधून काढतो. आपल्याकडे वकील जुने फेरफार काढून सर्च रिपोर्ट देतात, तोच प्रकार. बहुतेक ऑर्डरी तीस-चाळीस वर्षं मागे गेलं की आटोपतात.

ही ऑर्डर मात्र थेट पेटंटपर्यंत होती, म्हणजे सरकारने जमीन पहिल्यांदा खाजगी माणसाच्या नावे केली त्या कागदापर्यंत. नेब्रास्काच्या दक्षिणेकडचं ८० एकरांचं शेत, भावंडांत वाटणी व्हायची होती आणि त्यांच्या वकिलाला पहिल्यापासूनची साखळी हवी होती.

मागे जात जात १८९०च्या दशकातल्या एका खरेदीखताशी अडले. खत लिहून देणारी चार भावंडं. त्याआधीचा कागद म्हणजे १८८१चं पेटंट, एका विधवेच्या नावाचं. मधे ना मृत्युपत्र, ना प्रोबेट म्हणजे कोर्टाची मंजुरी, ना वारसांची नोंद. ही चौघं तिचीच मुलं असणार हे दिसत होतं, पण दिसतंय म्हणून रिपोर्टात लिहिता येत नाही.

आमचे टीम लीड म्हणाले, "अगं, सोड ते. नेब्रास्काच्या कायद्याला बावीस वर्षांची अखंड साखळी पुरते. एवढं जुनं कोण विचारणारे?"

"सर, ऑर्डर पेटंटपर्यंतची आहे. एकदा होमस्टेडची फाइल बघते."

होमस्टेडचा कायदा लिंकनने २० मे १८६२ला सही करून आणला. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कुणालाही, बाईलासुद्धा, १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन. सगळी मिळून फी १८ डॉलर. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि शेवटी दोन साक्षीदार उभे करून हे सिद्ध करायचं. परदेशातून आलेल्याने अर्ज करताना नागरिक व्हायचा इरादा तेवढा जाहीर करायचा, पण पेटंट मिळण्याआधी नागरिक व्हावंच लागे. रेल्वे कंपनीला दिलेल्या पट्ट्यातली सरकारी जमीन दुप्पट भावाची धरलेली, म्हणून तिथे ८० एकरच मिळत. आमचं शेत ८० एकरांचं का, हे इथे कळलं.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला डॅनियल फ्रीमनचे कागद दाखवले होते. कायदा अमलात आला त्या १ जानेवारी १८६३लाच त्याने ब्राउनव्हिलच्या लँड ऑफिसात अर्ज केला, अर्ज क्रमांक १. त्याची जमीन आज नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. त्याच्या शेजाऱ्यांची साक्ष मी अनेकदा वाचली आहे: चौदा बाय वीस फुटांचं घर, दोन दारं, दोन खिडक्या, शंभर फूट लांब मेंढ्यांची शेड, सफरचंदाची ४० आणि पीचची सुमारे ४०० झाडं. पीचची झाडंसुद्धा मोजलेली, पण बायकोचं नाव मात्र नाही, 'पत्नी आणि दोन मुलं' एवढंच. तिचं नाव ॲग्नेस. फ्रीमनच्या भावाशी तिचं लग्न ठरलं होतं, तो यादवी युद्धात गेला. मग विधुर डॅनियलशी तिचा पत्रव्यवहार झाला आणि १८६५मध्ये ती लग्न करून नेब्रास्काला आली. तिच्या तोंडचं एक वाक्य त्या सरकारी साक्षीत नाही, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं.

नेब्रास्काच्या होमस्टेड फाइलींचे स्कॅन ऑनलाइन मिळतात. माझी फाइल उघडली आणि इथे बाईच बोलत होती. नवरा बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, आलेला, १८७३मध्ये अर्ज केला, १८७६मध्ये गेला. कायद्याप्रमाणे त्याचा हक्क विधवेकडे आला, पण उरलेली अट तिलाच पुरी करायची होती. नवऱ्याने इरादा जाहीर केला होता, नागरिक व्हायच्या आधीच वारला. म्हणून शपथ घेऊन ती स्वतः नागरिक झाली. सहीच्या जागी फुली आणि शेजारी कारकुनाच्या अक्षरात 'तिची खूण'.

१८८०मध्ये तिने शेवटची साक्ष दिली. त्याआधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागली, तिचं कात्रण फाइलला जोडलेलं होतं. घर सॉडचं, म्हणजे गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या थरांच्या भिंतींचं. त्या माळावर लाकूड नव्हतंच. एक विहीर, एक गाय, तीस एकर नांगरलेली जमीन. जमीन सोडून कधी बाहेर राहिलात का, या प्रश्नावर तिचं उत्तर: हो, १८७४मध्ये टोळ आले आणि मका, भाजीपाला, सगळं खाऊन गेले, तेव्हा हिवाळाभर पूर्वेला नातलगांकडे होतो. त्या वर्षी टोळांनी नेब्रास्का-कॅन्ससची शेतं साफ केली होती. अशा कुटुंबांना हक्क न गमावता काही काळ बाहेर राहायची मुभा अमेरिकी संसदेने दिली होती, नाहीतर या एका उत्तराने सगळं हातचं गेलं असतं.

मला हवा होता तो कागद फाइलच्या मधोमध निघाला. नवरा गेल्यावरचं प्रतिज्ञापत्र, त्यात सहा मुलांची नावं वयांसकट. खतातली चारही नावं त्यात होती. पण १८८०च्या साक्षीत 'कुटुंबात किती जण' याला तिने सांगितलं, मी आणि पाच मुलं, आणि पाचांची नावं दिली. सगळ्यात धाकटी, बाप गेला तेव्हा वर्षाची असलेली मुलगी या नावांत नव्हती. काय झालं, हे कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मी स्क्रीनवरून उठून पाणी प्यायले.

आता राहिला थोरला मुलगा. पेटंटच्या डेटाबेसमध्ये त्याच्या नावाने शोधलं, तर तो पश्चिमेला कस्टर काउंटीत सापडला, स्वतःच्या १६० एकरांवर. म्हणजे त्याने पुन्हा पाच वर्षं तेच सगळं केलं. मग त्याचं आडनाव इंग्रजी कानाला जसं ऐकू येईल तशा निरनिराळ्या स्पेलिंगांनी आमच्या काउंटीच्या इंडेक्समध्ये टाकत गेले. एका स्पेलिंगला हक्कसोडपत्र मिळालं. त्याने आणि त्याच्या बायकोने कस्टर काउंटीत सही केलेलं, चार भावंडांच्या लाभात. साखळी जुळली.

एक गोष्ट मात्र या कामात मला नेहमी टोचते. आमच्या रिपोर्टात पहिला मालक कायम 'युनायटेड स्टेट्स' असतो. फ्रीमनच्याच गेज काउंटीच्या दक्षिण भागात ओटो-मिसुरिया लोकांची राखीव जमीन होती. माझ्या या बाईला पेटंट मिळालं त्याच १८८१ साली त्यांना तिथून उठवून आजच्या ओक्लाहोमात पाठवलं. त्यांनी किती पिढ्या तिथे काढल्या, हे सिद्ध करायला त्यांना कुणी साक्षीदार मागितले नाहीत. साखळीत त्यांच्यासाठी रकाना नाही. तो असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

रिपोर्ट लिहिताना वारसांच्या टिपेत मी सहाही मुलं वयांसकट लिहिली. लीडनी धाकटीच्या नावावर बोट ठेवलं. "ही आईच्या आधी गेली असणार. हिचा हिस्सा येत नाही."

"हो सर. तसंच लिहिते, पण नाव राहू दे."

त्यांनी टीप पुन्हा एकदा वाचली, मान हलवली, आणि मी रिपोर्ट पाठवला.